आजीनं वगळू न दिलेला अध्याय

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय आई आणि पप्पा,

सप्रेम सलाम.

नोकरी सोडून चर्चची पाळक व्हायचा विचार करते आहे, हे फोनवर सांगितलं त्याला आज नऊ दिवस झाले. पप्पा, तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तेव्हापासून रोज आईच बोलते, आणि मागे तुमच्या खोकल्याचा आवाज येतो. तो खोकला कोरडा आहे की कफ पडतोय, एवढं तरी आईला सांगा. बीपीची गोळी बदलल्यापासून सुरू झाला असेल तर त्या गोळीमुळेही असा खोकला येतो. डॉक्टरांना विचारायला हवं. मनानं गोळी बंद करू नका.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. सोमवारी राजीनामा दिला. महिनाअखेर वॉर्डमधली शेवटची ड्युटी. पाळकांचं शिक्षण देणाऱ्या सेमिनरीची फी भरली, जूनपासून होस्टेलची खोली मिळेल. विचार करते आहे असं मी तुम्हाला म्हणाले होते, ते पूर्ण खरं नव्हतं, विचार तेव्हाच झाला होता. तुमच्या तोंडून "नको" ऐकलं असतं तर माझा धीर सुटला असता, म्हणून आधी पक्कं केलं आणि मग सांगितलं. याबद्दल मला माफ करा. निर्णयाबद्दल मात्र माफी मागत नाही, पप्पा. रागावू नका.

पैशाचं आधी सांगते, कारण आई तेच मनात धरून बसली असणार. तुमच्या दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता या वर्षीचा भरून झालाय, पुढच्या दोन वर्षांचा बाजूला काढून ठेवलाय. पीएफ मिळेल. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणेच होईल, आणि त्या आठवड्यात मी नगरलाच असेन. शनिवारी येते तशी येत राहीन. सुट्टी तर नर्सच्या नोकरीपेक्षा सेमिनरीत जास्त मिळते. नाईट ड्युटीही नाही. आई, उलट मी आता रात्रीची झोपेन!

आता पप्पा, तुमच्याशी.

तुमच्या मनात कोणतं वचन आहे ते मला माहीत आहे. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला दुसरा अध्याय, स्त्रीनं शिकवू नये. ते वचन मी खोडत नाही. पवित्र शास्त्रातलं नको ते वगळायची शिकवण आपल्या घरात नाही. मी एवढंच म्हणते की त्याच शास्त्रातलं दुसरंही वगळायला नको.

आठवतं का, संध्याकाळच्या प्रार्थनेला आपण रोमकरांस पत्र ओळीनं वाचत होतो? सोळावा अध्याय आला आणि तुम्ही म्हणालात, यात नुसती नावं आहेत, पुढे जाऊ. आजी भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. ती म्हणाली, "नावं सोडू नको. कुणाची तरी आई असंल त्यात." मग मी वाचलं. मी चौथीत होते आणि त्या ग्रीक नावांवर अडखळत होते. तेराव्या वचनात रूफ आणि त्याची आई आली, जिला ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल माझीही आई म्हणतो. आजीनं डोळे उघडून तुमच्याकडे पाहिलं आणि हसली. मला तेवढंच आठवतं. आजीचे खालचे दोन दात नव्हते.

गेल्या दोन वर्षांत तो अध्याय मी कितीदा वाचला असेल! पौलानं त्यात सलाम सांगितलेल्यांत आणि शिफारस केलेल्यांत दहा बायका आहेत. सुरुवातच फिबीपासून. ती किंख्रियाच्या मंडळीची (चर्चची), म्हणजे करिंथच्या पूर्वेच्या बंदरातली. आपल्या मराठी शास्त्रात तिला सेविका म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द आहे दियाकोनोस. पौल स्वतःबद्दल आणि अपुल्लोस नावाच्या उपदेशकाबद्दल हाच शब्द वापरतो, आणि तिथे आपण सेवक वाचतो. सेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाळक उभे राहतात, आणि सेविका म्हटलं की चहाचे कप उचलणारं महिला मंडळ. तो फरक आपल्या कानांचा आहे, पौलाचा नाही. ते पत्र करिंथहून रोमला फिबीच घेऊन गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. साधारण सन 57. जगातल्या मंडळ्यांनी ज्या पत्रावर एवढे ग्रंथ लिहिले, ते एका बाईच्या सामानातून समुद्र ओलांडून आलं. मला हे वाचताना आजीची खाकी पिशवी आठवते. जेऊर, इमामपूर, उन्हातान्हात चालत, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि फडक्यात बांधलेली भाकरी.

मग प्रिस्का. नवरा अक्विला, दोघं तंबू करणारी. क्लौद्य कैसरानं यहुद्यांना रोममधून घालवलं तेव्हा करिंथला आली. नव्या करारात या जोडप्याचा उल्लेख सहा वेळा येतो आणि चार वेळा बायकोचं नाव आधी येतं. त्या काळात असं उगाच कुणी लिहीत नसे. अपुल्लोस शास्त्रात मोठा पटाईत होता, तरी त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला तो या दोघांनी, इफिस शहरात. आणि पप्पा, पौलाचा सहकारी तीमथ्य कुठे होता? तोही इफिसातच. स्त्रीनं शिकवू नये हे पत्र ज्या गावी गेलं, त्याच गावी प्रिस्कानं एका उपदेशकाला शिकवलं होतं. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पुन्हा तिलाच सलाम आहे. तिथल्या मंडळीत तेव्हा काय बिघडलं होतं म्हणून ती सूचना द्यावी लागली, यावर मोठमोठे विद्वान अजून वाद घालतात. पण ती सूचना सगळ्या बायकांना, सगळ्या काळासाठी असती तर प्रिस्काचं नाव इतक्या मानानं आलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातही तेच. चौदाव्या अध्यायात बायकांनी मंडळीत गप्प राहावं म्हणतो, आणि अकराव्यात बाईनं प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोकं झाकावं म्हणतो. गप्पच राहायचं असेल तर डोकं झाकून संदेश कसला द्यायचा? आजीचा पदर मला इथं कळला.

युनियाचं थोडक्यात सांगते. रोमकरांस पत्राच्या त्याच सोळाव्या अध्यायात, सातव्या वचनात अंद्रोनीक आणि युनिया येतात, तुरुंगात पौलाबरोबर राहिलेली, प्रेषितांमध्ये नामांकित. मराठीत दोघांना मिळून "ते" म्हटलं की त्यातली बाई दिसत नाही. पण चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्तोम या नावाजलेल्या धर्मगुरूनं याच वचनावर उपदेश करताना म्हटलं की ही बाई केवढी ज्ञानी असली पाहिजे, प्रेषित या नावाला ती लायक ठरली. ख्रिसोस्तोम काही बायकांना पाळक करा म्हणणारा नव्हता, तरी त्याला ती बाईच दिसली. पुढे लोकांना पटेना आणि तिचा पुरुष केला गेला. युनियास असं पुरुषाचं नाव जुन्या रोमी लेखांत कुठे सापडत नाही, युनिया मात्र शेकड्यांनी सापडते.

पप्पा, मी तुमच्याशी वाद घालत नाही. तुम्हीच मला संदर्भ तपासायला शिकवलंत, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरातल्या वचनांच्या खुणांवर बोट ठेवून.

आई, हे तुझ्यासाठी. तुझी गुरुवारची प्रार्थनासभा आहे ना, सतरंजी अंथरतेस आणि शेवटी पोहे करतेस, तशाच पहिल्या मंडळ्या होत्या. इमारती नव्हत्याच. फिलिप्पैत नदीकाठी बायका प्रार्थनेला जमल्या होत्या, त्यात जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया होती. तिनं घर उघडलं आणि तिथली मंडळी त्या घरात जमू लागली. कलस्सैकरांच्या पत्रात नुंफाच्या घरातली मंडळी आहे. घर जिचं, व्यवस्था तिची, आणि लोक तिच्याकडेच यायचे. तुला कधी वाटलं नाही ना, तू काही चालवते आहेस असं?

आणि वॉर्डचं सांगते. मी अठरा वर्षं जे केलं ते सोडून भलतंच काही करायला निघाले, असं दादा म्हणाला. तसं नाही. तिसऱ्या शतकात सिरियाकडच्या मंडळ्यांसाठी नियमांचं एक पुस्तक लिहिलं गेलं, दिदास्कालिया. त्यात बिशपला सांगितलंय की दियाकोनी बायका नेम. बायकांचा बाप्तिस्मा असतो, तेल लावायचं असतं, तिथं पुरुषानं हात लावणं बरं नाही. आणि ज्या घरात पुरुष जाऊ शकत नाही, तिथल्या आजारी बाईला बघायला, तिला अंघोळ घालायला बाईच हवी. हे वाचलं तेव्हा मी नाईट ड्युटीवर होते. अकरा नंबरच्या बेडवरच्या बाईंना नुकतीच स्पंजिंग करून आले होते. गर्भाशयाचा कॅन्सर, वास येत होता, म्हणून त्या कुणाला जवळ येऊ देत नव्हत्या. भेटायला पाळक आले तर तोंड फिरवून घ्यायच्या. पाठ पुसता पुसता मला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हीच करा प्रार्थना." मी केली. हातात ओला टॉवेल तसाच. पहाटे त्या गेल्या. प्रभुभोजन हवं होतं त्यांना, पाळकाची दीक्षा नसल्यामुळे ते मी देऊ शकले नाही.

वयाचंही तुमच्या मनात असेल. एक्केचाळिसाव्या वर्षी कसलं शिक्षण? पप्पा, सन 451 मध्ये खल्केदोनच्या धर्मसभेनं नियम केला की चाळीस वर्षांच्या आत बाईला दियाकोनीपदाची दीक्षा देऊ नये, आणि तीसुद्धा नीट पारखून. मी बरोबर वेळेवर आले!

लोकांचं तुम्हाला लागलं असेल, हेही मला समजतं. उपासनेनंतर कुणी काय म्हणालं ते आईनं सांगितलं नाही, पण तिचा आवाज सांगत होता. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बायकांना दीक्षा मिळते, हे त्यांनाही ठाऊक आहे. दक्षिण भारतात तर 2013 मध्ये नंद्यालला पुष्पा ललिता बिशप झाल्या. तुम्ही कुणाला उत्तर देऊ नका. फार विचारलं तर केडगावच्या पंडिता रमाबाईंचं नाव घ्या. हिब्रू-ग्रीकवरून सबंध शास्त्र मराठीत आणलं त्या बाईनं, आणि ते मुक्ति मिशनमधल्या बायकांनी छापलं. शास्त्र बाईच्या हातून चालतं तर त्यावरचा संदेश का नको?

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. सन 203 मध्ये कार्थेजच्या तुरुंगात, ख्रिस्ती असल्याबद्दल धरलेली, परपेतुआ नावाची बावीस वर्षांची मुलगी होती, अंगावर पिणारं बाळ होतं. तिनं तुरुंगात लिहून ठेवलेलं आजही वाचायला मिळतं. वडील तिला सोडवायला आले, पिकल्या केसांची शपथ घातली, तिचे हात चुंबून पाया पडले. त्याआधीच्या एका भेटीत तिनं तिथलं पाण्याचं भांडं दाखवून विचारलं होतं, याला दुसरं काही म्हणता येईल का? नाही म्हणाले. मग मीही जी आहे तीच आहे, म्हणाली. पप्पा, माझ्यावर तसं काहीच संकट नाही आणि तुम्ही काही त्या वडिलांसारखे नाही. पण तिनं लिहिलंय की माझ्या वडिलांचं मला वाईट वाटलं. तिथं मला वाचवेना. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून मिशन शाळेत न्यायचात, टॉवेलची घडी घालून, दांडी टोचू नये म्हणून. तुम्हाला दुखवून मला काहीही व्हायचं नाही. आणि हे न करता राहणंही आता जमणार नाही. दोन्ही खरं आहे.

शताब्दीला मंडळीत शिळा लावली तेव्हा पाळकांची यादी तुम्हीच सुंदर अक्षरात लिहून दिली होती. यादी पाळकांची होती, त्यात तुमची काही चूक नाही. आजीचं नाव कुठंच नव्हतं, एवढंच. ती म्हणाली होती, "माझं काय, मी बायबलबाई."

आता ऐका. लाल वहीत बीपी सकाळ-संध्याकाळ लिहायचं, अंदाजे नाही, मशीन लावून. लोणचं बंद म्हणजे बंद, आईनं कपाटावर ठेवलेलं सुद्धा. आई, गुडघ्याचा पट्टा रात्री काढून झोप. स्टुलावर चढू नकोस. सिलिंडर बदलायला शेजारच्या मुलाला हाक मार, त्याच्याशी मी बोलून ठेवलंय. न्हाणीघरात नवीन पायपोस टाकलंय ते घसरणारं नाही, जुनं परत टाकू नका. इन्व्हर्टरचं पाणी दादा या महिन्यात बघून जाईल.

पप्पा, सेमिनरीच्या फॉर्मवर पालकांच्या सहीची जागा नाही. या वयात कोण विचारणार? पण मला तुमची सही हवी आहे. मी शेवटच्या पानावर खाली पेन्सिलनं रेघ ओढून ठेवलीय. शनिवारी फॉर्म घेऊन येते. लगेच करायलाच हवी असं नाही, जूनपर्यंत वेळ आहे.

दुपारी दीडपर्यंत पोचेन. आई, माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या. पप्पांची गोळी जेवणानंतरची आहे.

तुमची,
बेबी