काडेपेटीतली कात

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

प्राणी गोळा करून त्यांना वाढवण्याचा जो खेळ आम्ही काही मित्र तयार करत आहोत, त्यातल्या चतुरावरून सुचलेल्या प्राण्याचे मधले रूप अखेर ठरले आणि ते केवळ आपल्यामुळे ठरले, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

अशा खेळांतल्या कीटकांची वाढ बहुधा एकाच साच्यातून निघते. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या पोकेमॉन खेळांत कॅटरपी ही अळी सातव्या पातळीवर मेटापॉड नावाचा कोष होते आणि दहाव्या पातळीवर बटरफ्री हे फुलपाखरू. लहानपणी किडे गोळा करत हिंडलेल्या सातोशी ताजिरी यांच्या खेळाला ते शोभते, कारण फुलपाखराचे आयुष्य खरोखरच तसे असते. चतुराला मात्र कोष नसतो. ही अडचण घेऊन मी ज्या सल्लागारांकडे गेलो, त्यांनी ‘मध्ये एक कोष टाका, मुलांना काय कळतंय’ एवढे सांगून मानधन घेतले, तर एका जाणकारांनी ‘खेळ’ म्हणताच बोलणे आवरते घेतले. याच पोकेमॉनमध्ये २००२ साली निनकाडा या किड्यासारख्या प्राण्याचे रूप बदलल्यावर, संघात जागा रिकामी असेल तर, मागे उरलेली कात शेडिन्जा नावाचा स्वतंत्र प्राणी होऊन उभी राहिली आणि मुलांना ती बरोबर कळली, हे त्या दोघांना कोणी सांगावे?

आपण मात्र पहिलाच प्रश्न विचारला, की तुमचा प्राणी प्रत्येक रूपात खातो काय. मग कपाटातून एक काडेपेटी काढली. आत कापसावर, गवताच्या काडीला घट्ट धरून बसलेली, चतुराच्या पिल्लाची रिकामी कात होती. भिंगातून पाठीवरची फट दिसली आणि फटीतून लोंबणारे पांढरे धागे दिसले. ते श्वासनलिकांचे आतले अस्तर, हे आपल्याकडून कळले. पाठीवर पंखांचे चार इवले कोंब होते आणि डोक्याखाली घडी घातलेला, भक्ष्यावर झेपावणारा ओठ. आमचे मधले रूप तिथेच सापडले: निपचित कोष नव्हे, तर मागून पाण्याचा झोत सोडून पुढे उसळणारे भुकेले पिल्लू.

तरीही माझा गळा दाटून आला तो निघताना. काडेपेटीवरच्या चिठ्ठीत स्थळ आणि दिनांक पेन्सिलीने लिहिलेले होते. त्याखाली आपण, संग्रहातल्या इतर नमुन्यांइतक्याच काळजीने, आमच्या प्राण्याचे नाव लिहिले, ‘डोहऱ्या’, आणि मग ती पेटी माझ्या हातात दिली. आमच्या कल्पनेतल्या जिवाला कोणी इतक्या सरळ मनाने मान दिलेला मी प्रथमच पाहिला. विद्वान माणसे पुष्कळ भेटतात. समोरच्याचे काम हलके न लेखता आपली विद्या मोकळ्या हाताने देणारी विरळा, आणि त्यांचे ऋण बोलून दाखवण्यात आपण सगळेच कंजूषपणा करतो.

नुकत्याच बाहेर पडलेल्या चतुराचे अंग मऊ आणि फिके असते, हे आपण सांगितले होते. म्हणून तिसरे रूप पहिल्या लढाईपर्यंत फिकेच ठेवले आहे आणि तोवर त्याचा बचावही कमी राहील. चित्रे आपल्याकडे वेगळी पाठवली आहेत. ओठाची घडी किंवा पंखांची ठेवण कुठे चुकली असेल, तर निःसंकोच खूण करावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
डोहऱ्याचा चित्रकार