उंदराची साखर उतरली, पण कोणत्या मात्रेला?

महोदय,

अमुक पाल्याच्या अर्काने मधुमेही उंदरांची साखर निम्म्यावर आली, अशी बातमी अधूनमधून छापून येते आणि लगोलग त्या पाल्याची चूर्णे विकली जाऊ लागतात. वनस्पतींच्या चाचण्या आम्ही स्वतः करतो, म्हणून कळकळीने लिहीत आहोत. अशा बातम्यांत मात्रा, अर्क कशात काढला, उंदरांना मधुमेह कसा आणला आणि तुलना कशाशी केली, एवढे तरी छापावे.

मात्रेचाच हिशेब बघा. मोठ्या जातीच्या उंदराला (रॅट) किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर माणसाची तुल्य मात्रा काढताना शरीराच्या आकारातला फरक धरून ६.२ ने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ ४ ग्रॅम अर्क. वाळलेल्या पानांतून १० टक्के अर्क निघाला असे धरले, तर त्यासाठी ३९ ग्रॅम पाने लागतात. चमचाभर चूर्णात ती जेमतेम ३ ग्रॅम असतात. शिवाय प्रयोगातला अर्क बहुधा अल्कोहोलमधला असतो आणि घरचा काढा पाण्यातला. दोन्हींत उतरणारी द्रव्ये सारखी नसतात.

उंदरांना मधुमेह बहुतेकदा स्ट्रेप्टोझोटोसिन (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणारे रसायन) टोचून आणतात. ते सायट्रेट बफर या थंड, आम्लधर्मी (पीएच ४.५) द्रावणात ऐनवेळी विरघळवावे लागते; द्रावण तसेच राहिले तर विघटन होऊन मात्रा कमी पडते. टोचल्यावर मेलेल्या पेशींतले इन्सुलिन एकदम बाहेर पडून साखर कोसळते, म्हणून पहिला दिवस ग्लुकोजचे पाणी पाजतात. ७२ तासांनी रक्तातली साखर २५० मिग्रॅ/डेलि च्या वर टिकलेले उंदीरच पुढे घ्यायचे. किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा दिली की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बहुतेक पेशी मरतात आणि आजार टाइप १ सारखा होतो. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण टाइप २ चे. तसा आजार उंदरांत आणण्यासाठी काही आठवडे चरबीयुक्त आहार देऊन मग ३०-३५ मिलिग्रॅमच टोचावे लागते. हे जिकिरीचे, म्हणून टाळले जाते.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन टोचण्याआधीपासून अर्क पाजणे. अशा वेळी अर्काने त्या विषाचा मारा अडवला असू शकतो. जडलेला मधुमेह बरा केला, असे त्यातून सिद्ध होत नाही. नळीने कडू अर्क पाजल्यावर उंदीर कमी खातात, त्यानेही साखर उतरते. रोजचे खाणे आणि वजन नोंदलेले नसेल तर हा फरक कळणारच नाही.

परीक्षानळीतल्या चाचण्यांचेही असेच. पिष्ट पचवणारे एन्झाइम रोखण्याची चाचणी बहुधा यीस्टच्या एन्झाइमवर करतात. तुलनेला घेतलेले अकार्बोज हे मधुमेहावरचे औषध त्यावर फार दुबळे, आतड्यातल्या एन्झाइमवर मात्र प्रभावी. साहजिकच कोणताही तुरट पाला ‘अकार्बोजपेक्षा सरस’ ठरतो. जांभळाच्या बीसारख्या तुरट द्रव्यांतले टॅनिन तर दिसेल त्या प्रथिनाला चिकटते, आणि एन्झाइम हेही प्रथिनच.

माणसांवरचे काम थोडे, पण आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने विजयसारची (आपला बिबळा) अनेक केंद्रांवर चाचणी घेतली. निष्कर्ष १९९८ मध्ये छापले. रोज २ ते ४ ग्रॅम औषध, नवे रुग्ण, १२ आठवडे. ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. आकडा उत्साहवर्धक आहे आणि काम मोलाचे आहे. पण तुलनेला प्लासिबोचा (औषधासारखे दिसणारे, पण औषध नसलेले) गट नव्हता आणि हिमोग्लोबिन ए१ (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारा टक्का) सरासरी ९.८ वरून ९.४ वरच आले. नव्या रुग्णाची साखर नुसत्या पथ्याने आणि चालण्यानेही उतरते, त्यामुळे औषधाचा वाटा वेगळा काढता येत नाही. बिबळ्याच्या लाकडी पेल्यातल्या पाण्यात किती द्रव्य उतरते, याचे तर मापच नसते. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा प्लासिबोशी ताडून पाहिला, तेव्हा साखरेत फरक पडला नाही.

ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कारल्याचा रस, गुडमार किंवा मेथीचे चूर्ण सुरू करायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे आणि सुरुवातीचे काही दिवस साखर घरी अधिक वेळा मोजावी. घाम, थरथर, ७० मिग्रॅ/डेलि च्या खाली आकडा दिसला की लगेच १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, साखर पाण्यातून घ्यावी. लेबल नसलेल्या पुडीने साखर झपाट्याने उतरली तर पुडी तपासून घ्यावी. अशा ‘वनौषधीं’त ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारे ॲलोपॅथिक औषध मिसळलेले सापडले आहे.

— औषधवनस्पतींचे अभ्यासक, पुणे