‘निओशो’ची गोष्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. नौदलाच्या गोष्टीत सगळे विमानवाहू नौकांचंच कौतुक करतात, टँकरला कुणी विचारत नाही, ही तुझी तक्रार अगदी रास्त. म्हणून आज ‘निओशो’बद्दल लिहितो.

अमेरिकन नौदलाचा हा तेलवाहू टँकर १९३९ सालचा. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडू लागले तेव्हा तो फोर्ड बेटाच्या धक्क्याला, युद्धनौकांच्या रांगेतच उभा होता. विमानांचं पेट्रोल नुकतंच उतरवलेलं. टाक्यांत मागे राहिलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीनं कशी भडकते हे तुला मी काय सांगू! कॅप्टन फिलिप्सने भर हल्ल्यात जहाज तिथून हलवलं.

पाच महिन्यांनी ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्रात जपान्यांशी लढाई. ६ मे १९४२ला ‘यॉर्कटाउन’ या विमानवाहू नौकेला तेल देऊन ‘निओशो’ आपल्या ‘सिम्स’ या विनाशिकेबरोबर दक्षिणेकडे निघाला. दुसऱ्या दिवशी जपानी टेहळ्याने या जोडीला विमानवाहू नौका आणि क्रूझर समजून तसं कळवलं. झालं, जपान्यांनी विमानांचा भलामोठा ताफा यांच्यावर सोडला आणि खऱ्या विमानवाहू नौका तेवढ्यापुरत्या वाचल्या. ‘सिम्स’ काही मिनिटांत बुडाली. ‘निओशो’वर सात बॉम्ब पडले, वर एक जळतं विमान येऊन आदळलं, तरी तो तरंगत राहिला. अर्धवट रिकाम्या टाक्यांनीच तारलं असणार.

मला राग येतो तो पुढच्या भागाचा. जहाज सोडायची फक्त तयारी ठेवा, असा हुकूम होता. गोंधळात कित्येकांनी उड्याच टाकल्या. त्यात भर म्हणजे मदतीसाठी कळवलेली पोझिशन चुकीची निघाली, आणि शोधायला आलेले भलत्याच पाण्यात फिरत राहिले. ११ मे रोजी ‘हेन्ली’ या अमेरिकन विनाशिकेने १२३ जणांना उचललं आणि टँकर स्वतःच बुडवला. जहाज सोडून तराफ्यांवर गेलेल्या ६८ जणांपैकी १६ मेला चौघेच जिवंत सापडले, त्यातलेही दोघे पुढे वारले. एवढी माणसं चार्टवरच्या एका चुकीपायी!

आणि ‘निओशो’वरचाच तो ऑस्कर पीटरसन. स्वतः जखमी, तरी वाफेचे मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला गेला, त्यात भयंकर भाजला आणि त्यातच वारला. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं ते मरणोत्तर.

तू इंजिनरूमचा माणूस. वाफ सुटलेली असताना हातानं व्हॉल्व्ह फिरवायचा म्हणजे नेमकं काय करावं लागतं, ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक