दही म्हणजे औषध नव्हे

'घरचे दही हेच खरे प्रोबायोटिक' हा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. दह्याच्या कौतुकाशी मी सहमत आहे. आमच्या मिरजेत उन्हाळ्यात ताकाशिवाय जेवण होत नाही. मात्र लेखाचा मथळाच दुरुस्त करायला हवा.

विरजणातील जिवाणू दुधातल्या लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे दूध घट्ट होते आणि दूध न पचणाऱ्या अनेकांना दही मानवते. हा गुण खरा आहे. पण जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. हा लाभ जिवाणूंच्या वाणागणिक, म्हणजे उपप्रकारागणिक, बदलतो, आणि घरच्या विरजणात नेमके कोणते वाण किती आहेत हे तपासणीशिवाय सांगता येत नाही. लेखात तर प्रोबायोटिकमध्ये कढीचीही गणना केली आहे! कढी उकळताना हे जिवाणू मरतात, चव तेवढी उरते.

मला खरी काळजी वाटली ती शेवटच्या सल्ल्याची. मुलाला जुलाब लागल्यास 'दहीभात पुरे' हे छापणे धोक्याचे आहे. अशा वेळी दहीभात जरूर द्यावा, पण आधी जलसंजीवनी (ओआरएस) सुरू करावी आणि मूल मलूल दिसले तर तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, मिरज (जि. सांगली)