फोटो तुमचा, आरोप माझ्यावर : वर्कबेंचबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : निकृष्ट वर्कबेंच, नाकारलेली वॉरंटी आणि तुमच्या ईमेलमधलं एक वाक्य मागे घेण्याबाबत

महोदय / महोदया,

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला नोकरी करून निवृत्त झालो. उन्हाळ्यात तुमच्या संकेतस्थळावरून एक वर्कबेंच मागवलं. किंमत १८,५०० रुपये, वाहतूक वेगळी. बिल सोबत जोडलं आहे. पावसाळा लागला तसा टॉप फुगला आणि व्हाइसचे (वस्तू आवळून धरायच्या शिकंज्याचे) बोल्ट सैल झाले. वॉरंटी वर्षाची, म्हणून फोटो काढून पाठवले. त्यावर तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर आलं : ‘फोटोतील साहित्यावरून सदर बेंच घरी काडतुसे भरण्यासाठी वापरल्याचे दिसते. हे भारतात बेकायदेशीर असल्याने वॉरंटी लागू होत नाही.’

बेंचचं नंतर बोलू. आधी हे वाक्य.

मी पाठवलेल्या फोटोत काय होतं? एक छोटा व्हाइस, मिलिग्रॅम दाखवणारा वजनकाटा, रायफलची नळी साफ करायचा रॉड आणि छऱ्यांचा डबा. माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. तिचे छर्रे कारखान्यातून तयार येतात : शिशाचे, ४.५ मिलिमीटरचे, वजनाला साधारण अर्धा ग्रॅम. त्यात ना दारू, ना प्रायमर (दारू पेटवणारा मसाला), ना केस (काडतुसाचं पितळी कवच). छऱ्याला ढकलते ती दाबलेली हवा. मग भरायचं कशात आणि काय? आम्ही फक्त निवडतो. एकाच डब्यातल्या छऱ्यांमध्ये काही मिलिग्रॅमचा फरक सापडतो, आणि रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणून स्पर्धेचे छर्रे वजनावर वेगळे काढायचे. त्याने गुण किती वाढतात यावर रेंजवर रोज वाद होतात; मुलीचं मन शांत राहतं एवढं मी खात्रीने सांगतो.

अशा रायफलला परवानाही लागत नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचापर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तर ती परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. पुढची पायरी ५० मीटरची. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं तो प्रकार. तिथे .२२ ची रिमफायर गोळी वापरतात. तिचा प्रायमर केसच्या कडेतच भरलेला असतो, पिन आपटून ती कड चेपते आणि केस टाकून द्यावी लागते. ती घरी पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या उत्तर लिहिणाऱ्याने कुठल्याही नेमबाजाला एक फोन केला असता तर एवढं कळलं असतं.

काडतुसं भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना केलं तर शिक्षा कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. हा आरोप तुमच्या माणसाने वॉरंटीचे पैसे वाचवायला सहज टाईप करून पाठवला, आणि आता तो माझ्या नाव-पत्त्यासकट तुमच्या नोंदीत बसला आहे. उद्या मुलीला .२२ साठी परवान्याचा अर्ज करायचा झाला तर पोलीस पडताळणी होईल. तेव्हा हा कागद कोणाच्या हाती लागला तर निस्तरायचं कोणी?

आणि हे सगळं आलं कुठून, तर तुमच्याच विक्रीच्या पानावरून. मी बेंच मागवलं तेव्हा तिथल्या मोठ्या फोटोत बेंचच्या कडेला काडतुसं भरायचा लांब दांड्याचा प्रेस बसवलेला होता, शेजारी पितळी केसेसची रांग, वर दारू मोजायचं नळकांडं. अमेरिकेत पुष्कळ नेमबाज आपली काडतुसं घरी भरतात. तिथल्याच एखाद्या कॅटलॉगमधून तुम्ही तो फोटो उचललेला दिसतो. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट तेव्हाच ठेवला होता, कारखान्यातली सवय. ईमेलला मी हरकत घेतल्यावर पानावर फोटो बदलला आहे. आता तिथे एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसलाय. म्हणजे चूक तुमच्या लक्षात आली, फक्त मला कळवायचं राहिलं.

आता बेंच.

तुमच्या पानावर लिहिलं होतं ‘सॉलिड वूड टॉप’. आलेला टॉप पार्टिकल बोर्डचा आहे, लाकडाचा चुरा आणि रेझिन दाबून केलेला, वर सनमायका, कडेला चिकटपट्टी. व्हाइससाठी मी भोकं पाडली तेव्हाच भुसा गळाला आणि शंका आली. ठाण्याच्या पावसात बंद बाल्कनीतही हवा ओली असते. भोकातून ओल शिरली आणि बोल्टभोवतीचा भाग पुरीसारखा वर आला. साधं बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारं) प्लायवूड वापरलं असतं तरी हे झालं नसतं. पार्टिकल बोर्ड कपाटाच्या कप्प्याला चालतो. ज्यावर व्हाइस आवळायचा, त्याला नाही.

शिसं हाताळायचं म्हणून ही जागा स्वयंपाकघरापासून लांब, बाल्कनीत केली. काम झालं की टॉप ओल्या फडक्याने पुसायचा आणि हात साबणाने धुवायचे, हा घरातला नियम आहे. कडेची पट्टी सुटल्यावर आतला चुरा उघडा पडला आहे आणि त्यात शिशाची बारीक धूळ बसते. चुरा पुसता येत नाही. मुलीला त्या बाजूला बसायला मी मनाई केली आहे.

बेंच डगमगतंही. त्याबद्दल तुमचं उत्तर ठरलेलं आहे : ‘बेंच ३०० किलो वजन पेलते.’ पेलत असेल, मी त्यावर हत्ती बसवणार नाही. वरून ठेवलेलं वजन पेलणं वेगळं आणि आडवा धक्का बसल्यावर न हलणं वेगळं. त्यासाठी पायांच्या मागच्या बाजूला तिरपा पट्टा लागतो. चार पाय आणि वर एक टॉप एवढ्यावर चौकट तिरकी होतेच, लोखंड कितीही जाड असो. तुमचं तर जाडही नाही. व्हर्नियरने मोजलं, पायाच्या पोकळ पाइपचा पत्रा १ मिलिमीटर. पानावरच्या चित्रात मागे तिरपा पट्टा दिसतो आणि पायांना उंची जुळवायचे स्क्रूही दिसतात. खोक्यात दोन्ही नव्हते. परिणाम असा की काट्यावर छर्रा ठेवून कोणी शेजारून चालत गेलं तरी शेवटचा आकडा नाचतो. आधी मी पंखा बंद केला, मग काट्यावर काचेचं झाकण घातलं. मग काटा जमिनीवर ठेवून पाहिला तर आकडा स्थिर. दोष काट्यात नाही, बेंचमध्ये आहे.

गंमत म्हणजे ज्या कामाचा आरोप माझ्यावर आहे, त्यालाही हे बेंच निकामी ठरलं असतं. त्या प्रेसचा दांडा खाली ओढला की केस डायमध्ये (साच्यात) घट्ट शिरते, आणि दांडा वर नेताना ती खेचून काढावी लागते. कडेवर कधी खाली जोर, कधी वर. तुमची चिकटपट्टी पहिल्याच दिवशी हातात आली असती.

तुमच्या फोनवरच्या मुलीने मला बेंच भिंतीला बोल्ट करायला सांगितलं. तिला दोष देत नाही, तिच्यापुढे जे लिहून ठेवलंय ते ती वाचते. पण आमच्या इमारतीतल्या मधल्या भिंती सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) आहेत, त्यात साधा रावलप्लग धरत नाही. आणि भिंतीला बांधल्याशिवाय उभं राहत नाही, तर तसं पानावर आधी लिहा.

खोक्यावर उत्पादकाचं नाव, पत्ता, आयात केलेलं असेल तर कोणत्या देशात बनलं, कोणत्या महिन्यात, यातलं काहीही नव्हतं. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत हे छापणं सक्तीचं आहे. फक्त कुरिअरचं स्टिकर होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बदली बेंच नको, तेही पार्टिकल बोर्डचंच येईल. वाहतुकीसह पूर्ण रक्कम परत द्या आणि बेंच तुमच्या खर्चाने उचलून न्या. जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची वस्तू नसेल तर ती परत घ्यायला नकार देता येत नाही, हे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे. त्याच नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात अपेक्षित आहे.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने पैशापेक्षा मोठं : काडतुसांचं ते वाक्य लेखी मागे घ्या. ‘तुम्हाला झालेल्या असुविधेबद्दल खेद आहे’ हे चालणार नाही. आरोप निराधार होता आणि तो माझ्या नोंदीतून काढला आहे, असं कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी हवं.

यातलं काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. निवृत्त माणसाला वेळेची अडचण नसते, हेही लक्षात घ्या. त्या दाव्यात वॉरंटीबरोबर बदनामीची भरपाईही मागेन.

बेंच न्यायला माणसं पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा. लिफ्ट लहान आहे, टॉप जिन्याने उतरवावा लागेल, आणि दुपारी दोन ते चार सोसायटीत सामान हलवू देत नाहीत. बोल्ट मी काढून ठेवीन.

आपला,
बिलावर नाव असलेला ग्राहक
वर्तकनगर, ठाणे (प.)

सोबत : बिलाची प्रत, विक्रीच्या पानाचा जुना व नवा स्क्रीनशॉट, तुमचा ईमेल, फुगलेल्या टॉपचे आणि पायाच्या मापाचे फोटो.