तुलना गटातील शिक्षकांनाही विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नागरिकशास्त्राचा एखादा नवा उपक्रम परिणामकारक ठरला, अशी बातमी आली की कौतुक होते ते उपक्रम राबवणाऱ्या शिक्षकांचे. ज्यांच्या वर्गाशी तुलना करून तो परिणाम मोजला, ते शिक्षक कोण होते आणि त्यांनी काय शिकवले, हे सहसा कोणी विचारत नाही. अशा एका अभ्यासात तुलना गटातील शिक्षिका म्हणून मी काम केले असल्याने हे लिहीत आहे.

पूर्वचाचणी घ्या, नेहमीसारखे शिकवा आणि सत्राअखेर तीच चाचणी पुन्हा घ्या, एवढीच आम्हाला सूचना होती. पण ‘सार्वजनिक गैरसोयीची तक्रार कोठे करावी हे मला माहीत आहे’ हे चाचणीतील विधान वाचून एका मुलीने लगेच विचारले, “बाई, कोठे करायची असते?” उत्तर देणे मला टाळता आले नाही, चर्चेत निम्मा तास गेला आणि तो निम्मा तास कोणत्याही तक्त्यात नोंदला गेला नाही. आपली तुलना होत आहे हे कळल्यावर ईर्ष्येने जास्त मेहनत घेण्याच्या प्रवृत्तीला गॅरी सॅरेट्स्की यांनी १९७२ मध्ये ‘जॉन हेन्री परिणाम’ असे नाव दिले. वाफेच्या यंत्राशी चढाओढ करणारा लोककथेतला हा मजूर माझ्या अंगात अजिबात संचारला नव्हता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा वेळी दोन गटांतील फरक आकसतो आणि चांगला उपक्रमही निरुपयोगी ठरू शकतो.

उलट बाजूची चूकही तितकीच संभवते. उपक्रमासाठी हौसेने पुढे आलेले शिक्षक एका गटात आणि वरिष्ठांनी सांगितले म्हणून सामील झालेले दुसऱ्या गटात असतील, तर मोजला जातो तो उपक्रमाचा गुण की शिक्षकाच्या उत्साहाचा, हे ठरवता येत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले की ही अडचण बरीचशी दूर होते. मात्र एका वर्गातील मुले एकाच शिक्षकाकडे शिकत असल्याने चिठ्ठ्या मुलांच्या नव्हे, वर्गांच्या किंवा शाळांच्या टाकाव्या लागतात. मग सहाशे मुलांचा अभ्यासही प्रत्यक्षात वीस वर्गांचाच उरतो, आणि कंटाळून दोन शिक्षकांनी उत्तरचाचणी घेतली नाही, तर एक दशांश आधार निसटतो. तुलना गटाला काहीच मिळत नसल्याने असे शिक्षक गळतात, हे उघड आहे.

म्हणून तुलना गटातील शिक्षकांकडूनही तासांची साधी नोंदवही भरून घ्यावी, अभ्यास संपल्यावर उपक्रमाचे साहित्य आणि प्रशिक्षण त्यांना द्यावे आणि त्यांच्या वर्गाचे निकाल त्यांना कळवावेत, अशी संशोधक संस्थांना विनंती आहे. माझ्या वर्गाने दोन्ही चाचण्यांत काय केले, हे मला अजून कळलेले नाही. त्या मुलीलाही नाही.

आपली विश्वासू,
एक नागरिकशास्त्र शिक्षिका