आक्काची विहीर आटली

प्रिय दोस्ता,

दिवाळीपासून तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलटा केला नाही. रागावला असशील तर रागावायचा हक्क आहे तुला. घरी सगळे ठीक, आईचा गुडघा तसाच.

परवा सकाळी आमच्या शेततळ्यावर गेलो होतो. बांधापलीकडं आक्का विहिरीत पोहरा सोडत होती. दोर संपला तरी पाण्याचा आवाज आला नाही, पोहरा नुसता दगडावर आपटला. मी काठावर उभा, माझ्यासमोर बावीस लाख लिटरचं तळं. ती काही बोलली नाही. "बरा हाईस ना?" एवढं विचारलं आणि दोर गुंडाळून निघून गेली. त्याच विहिरीत आपण पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

शेततळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जागा, असं आपण समजतो. आमचं ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल. पावसानं त्याचा तळच झाकतो. बाकीचं दिवाळीच्या आधी-मागं बोअर चालवून भरतो. म्हणजे आक्काच्या विहिरीलाही लागणारं, जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उपसून उन्हात आणून ठेवायचं! तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कागदावर पाणी उतरल्याच्या पांढऱ्या रेघा दिसतात. एप्रिलच्या उन्हात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. तळं भरलेलं असलं तर ते नऊ हजार लिटर झालं, जवळजवळ एक टँकर. रोज. पिकाला थेंबही न मिळता.

आणि ठिबकचं ऐक. पाणी निम्म्यानं वाचेल म्हणून ठिबक केलं. वाचलंही. मग त्या वाचलेल्या पाण्यावर दीड एकर डाळिंब वाढवलं. बोअर होतं तेवढंच चालतंय.

पण मी तळ्याला शिव्या देतोय असं समजू नकोस. दसरा झाला की आई-दादा कोयता घेऊन तोडीला जायचे आणि माझी सहावी अर्धी उसाच्या फडात गेली, हे तुला ठाऊक आहे. माझी पोरगी बारावीपर्यंत एकाच गावात शिकली. आमच्या घरातला कोयता कित्येक वर्षं आढ्याला अडकवलेला आहे. हे या पाण्यानंच दिलं. बायकोची मात्र डोक्यावरची घागर उतरली आणि हातात खुरपं आलं ते बारा महिन्यांसाठी. रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला माझ्यासोबत तीही उठते. सातबाऱ्यावर नाव माझंच.

नायगावचं शिबिर आठवतं? विलासराव साळुंखेंनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदरात पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकराचं पाणी, कुटुंबाला अडीच एकरापर्यंतच, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही. परतताना एसटीत तू म्हणालास, पाणी माणसाचं असतं, जमिनीचं नाही. मी म्हणालो, ज्याची विहीर त्याचं पाणी. चार दिवस बोललो नव्हतो. तुझंच खरं होतं रे. तेव्हा मान्य केलं असतं तर तू गावभर पेढे वाटले असतेस!

आता माझी अडचण अशी. मी एकट्यानं बोअर थांबवलं तर शेजारची आठ तळी तेच पाणी ओढून घेतील. शेतीसाठी साठ मीटरच्या खाली बोअर नको, असं २००९चा कायदा म्हणतो. आमच्या शिवारात तो कुणी वाचलेला नाही, आणि माझं स्वतःचं बोअर चारशे फूट, म्हणजे त्याच्या दुप्पट आहे. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं, पण अख्ख्या गावानं. म्हणून १ मेच्या ग्रामसभेत बोअरनं तळी भरणं बंद करा असा विषय मांडायचा म्हणतोय. पहिला विरोध माझ्या भावकीचाच होणार. तू ये. तुझं बोलणं लोक ऐकतात.

तुझ्या नव्या घराचं काम कुठवर आलं? धाकट्याचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार.

काल तळ्यातून आक्काच्या कांद्याला पाइप टाकून दिला. संध्याकाळी ती पदरात पैसे बांधून आली आणि म्हणाली, "तासाचं किती देऊ?" मला उत्तर देता आलं नाही.

तुझाच